एक जास्तीचा चोपडा

नरोत्तमदासांनी झोपाळ्यावर बसल्या बसल्या लाल बासनाची गाठ पुन्हा सोडली. आतले चोपडे मांडीवर घेतले, अंगठ्याने एकेक करत मोजले आणि मान हलवली. मग चष्मा धोतराला पुसून पहिल्यापासून मोजायला लागले.

स्वयंपाकघराच्या दारात दिवाळीच्या फराळातल्या मठियांचं पीठ कुटत बसलेल्या दक्षाचा हात थांबला. सासरे काय मोजताहेत ते तिला ठाऊक होतं, आणि कितीही वेळा मोजलं तरी एक कमीच भरणार हेही ठाऊक होतं. तो एक तिने आतल्या खोलीत, गोधड्यांच्या चळतीत मधोमध सरकवून ठेवला होता.

"बापुजी, चहा टाकू?"

"नको. रिक्षावाल्याला किती वाजता बोलावलंय किरीटने?"

"मला काय माहीत."

"माहीत नाही कसं? कालपासून सांगतोय, भरती असताना पोचायला हवं. ओहोटीला बेडी बंदरावर नुसता चिखल. चिखलात काय टाकू?"

"मग टाकूच नका."

म्हाताऱ्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बासनाशेजारी ठेवलेला गुळगुळीत दगड उचलून चोपड्यांच्या मधोमध बसतो का ते बघितलं.

"तो दगड माझा आहे हं," दक्षा म्हणाली. "लोणच्याच्या बरणीत दाबाला ठेवते मी. बांच्या वेळचा आहे." बा म्हणजे दक्षाच्या सासूबाई.

"बांच्याच कामाला चाललाय," नरोत्तमदास म्हणाले आणि गाठ मारायला लागले.

जामनगरच्या व्यापाऱ्यांच्या घरात हिशोबाचे जुने चोपडे रद्दीत जात नाहीत. ज्या कागदावर 'श्री' लिहिलं, कुंकू लावलं, तो भंगारवाल्याच्या तराजूत कसा घालायचा? फार साठले की दिवाळीच्या आधी बासन बांधून समुद्राला देतात. आत दगड घालावा लागतो, नाहीतर भरती सगळं इमानाने परत आणून देते. नरोत्तमदास रायचुरांचं कुंकवाचं दुकान चार पिढ्यांचं, त्यामुळे त्यांचे कितीतरी हिशोब समुद्राने आजवर पोटात घेतले होते. पण हे बासन हिशोबाचं नव्हतं, आणि सगळा घोळ तिथेच होता.

नवरात्र संपल्यावर घर आवरायला काढलं तेव्हा दक्षाने ते माळ्यावरून खाली काढलं होतं. तसं ते दरवर्षीच खाली यायचं. दिवाळीला दुकानाच्या चोपड्यांबरोबर पाटावर मांडलं जायचं, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, सगळ्यांचा नमस्कार, की पुन्हा वर. मिटलेल्या वर्षाचा चोपडा कोणी उघडत नाही, त्याला फक्त हात जोडतात. यंदा उंदरांनी बासनाचं कापड कुरतडलेलं दिसलं म्हणून दक्षाने ते बदलायला घेतलं, आणि एक चोपडा हातातून निसटून जमिनीवर उघडा पडला. आत जमा नव्हती, खर्च नव्हता. सासूबाईंचं अक्षर होतं.

रळियातबांना जाऊन सात वर्षं झाली होती. जन्मभर कामाशिवाय तोंड न उघडणारी बाई, आणि इथे पानंच्या पानं बोलत बसलेली. नळाला पाणी आलं नाही, शेजारून दोन हंडे आणले. पाकिस्तानच्या लढाईत भोंगा वाजला, खिडक्यांना काळे कागद लावून अंधारात खिचडी केली, मीठ दोनदा पडलं, कोणी हूं की चूं केलं नाही. कारखान्यात हळद चुन्यात मळून हात लालभडक झाले, नणंदेच्या लग्नात मेंदी लावायची गरजच उरली नाही. गल्लीत कोणाला मूल झालं, कोणाची म्हैस आटली, कोणाच्या मठिया खुसखुशीत झाल्या आणि कोण उगाचच मिरवतं, सगळं होतं. बासनात सगळ्यात वर काही चोपडे मात्र कोरेच होते. त्यांचं दक्षाला नवल वाटलं नाही. बा गेल्यापासून बापुजींना विसरायला होत होतं. दुकानाचा हिशोब किरीटने कधीचाच कॉम्प्युटरवर नेला होता, पूजेपुरता एक चोपडा पुरे झाला असता. तरी म्हातारा चोपडे घ्यायच्या मुहूर्ताला, दिवाळीआधीच्या पुष्य नक्षत्राला, बाजारात जाऊन दोन घेऊन यायचा, आणि एक स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीजवळ ठेवून विसरून जायचा. पूजेआधी दक्षाच तो उचलून या बासनात सरकवायची.

आईचं अक्षर बघून किरीटने तोंडात बोटंच घातली. "आणि आपण वर्षानुवर्षं हिला कुंकू लावत होतो?" तो सारखा म्हणत राहिला. नरोत्तमदासांनी मात्र कानावर हात ठेवले.

"मला काय विचारता? मी दिवसभर दुकानात असायचो."

त्या संध्याकाळी त्यांनी बासन झोपाळ्याखाली ओढून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाहीर केलं की हे समुद्राला द्यायचं. कारण नाही, चर्चा नाही.

त्याआधी मधल्या वेळात दक्षाने एक चोपडा काढून घेतला होता. चोरी म्हणायची तर चोरीच. पण त्यात तिच्या लग्नानंतरचं पहिलं वर्ष होतं. पहिलं मूल पोटातच गेलं होतं त्या दिवसांतलं, सासूची सासू मोठ्या बा हयात असतानाचं, एक पान होतं. सासूने तेव्हा एका शब्दाने विचारपूस केली नव्हती, ही अढी दक्षाने इतकी वर्षं मनात ठेवली होती. आणि पानावर लिहिलं होतं: 'वहू गच्चीवर जाऊन रडते. मोठ्या बा विचारत होत्या, कपडे अजून वाळत का नाही घातले. म्हटलं, साबण नीट निघाला नाही, पुन्हा पिळते. दोनदा पिळले. वर कोणी जायला नको. पोटभर रडू दे पोरीला.'

ते वाचून दक्षा धुण्याच्या मोरीत जाऊन बसली आणि या खेपेला सासूसाठी रडली. माणूस गेल्यावर त्याचे आभार कसे मानायचे, हे तिला कळेना. एवढंच कळलं की हे समुद्रात जाऊ द्यायचं नाही. भावनगरला शेफालीबेन वैष्णव नावाची एक बाई साध्या माणसांच्या रोजनिशा सांभाळून ठेवते, असं तिने वर्तमानपत्रात वाचलं होतं. चार ठिकाणी फोन करून तिने नंबर मिळवला. आज त्या येणार होत्या. आणि किरीट, जो बापाला नाही म्हणू शकत नव्हता आणि बायकोलाही, त्याने रिक्षावाल्याला काही सांगितलंच नव्हतं.

शेफालीबेन आल्या त्या घामाघूम होऊन, खांद्यावर भलीमोठी कापडी पिशवी घेऊन. बाई पन्नाशीची, आवाज खणखणीत. नरोत्तमदासांनी दगडावर उपरणं टाकलं.

"या. आधी कचोरी घ्या. भांडण नंतर करू."

"भांडण कोण करतंय काका? जामनगरची कचोरी समोर असताना?" त्यांनी खरोखरच दोन खाल्ल्या, हात धुतले, रुमालाने अगदी कोरडे केले, आणि मगच बासनाकडे बघितलं. हात लावला नाही.

"ही सांगते ते खरं ना? लढाईच्या वेळचंही आहे?"

"असेल. मी वाचलेलं नाही."

"एकही पान नाही?"

"नाही."

"काका, राजाने काय खाल्लं, कुठे शिकार केली, हे लिहून ठेवायला पगारी माणसं होती. बॉम्ब पडत होते त्या रात्री एका घरात खिचडीत मीठ दोनदा पडलं, हे आम्हाला कोण सांगणार?"

"ते कळून कोणाचं पोट भरणार आहे?"

"माझं भरतं," शेफालीबेन हसून म्हणाल्या, आणि मग हसू आवरलं. "माझ्या आजीला लिहिता येत नव्हतं. ती कशाला हसायची, कशाला घाबरायची, तिला काय आवडायचं, मला काही म्हणता काही माहीत नाही. एक फोटो आहे, त्यातही पदर तोंडावर. म्हणून लोकांच्या आज्या गोळा करत फिरते."

नरोत्तमदास पायाच्या अंगठ्याने झोपाळ्याला हलका रेटा देत राहिले.

"तू भली बाई आहेस," शेवटी ते म्हणाले. "पण हे मी नाही देणार."

"बापुजी, पण का?" दक्षाच्याने राहवेना. "त्यात तुमच्याविरुद्ध काही असेल असं वाटतंय का तुम्हाला? नाहीये हो तसलं काही."

"असतं तरी चाललं असतं." म्हातारा तिच्याकडे न बघता बोलत होता. "बेटा, माझी आई कडक होती. रळियातने लग्नानंतर माहेरी एक पत्र लिहिलं होतं. आईने ते फोडून अंगणात दहाजणींसमोर मोठ्याने वाचलं. सगळ्या हसल्या. त्यानंतर तिच्या हातात पेन्सिल दिसली नाही कधी. तेव्हा तिने लपवलं, बरोबरच केलं. पण आई गेली. तू नुकतीच आली होतीस, तुला काय भ्यायचं होतं तिने? किरीट आपल्या कामात. तरी ती शेवटपर्यंत लपवतच राहिली." त्यांनी बासनावर हात ठेवला. "मग कोणापासून? मीच उरलो ना. जे तिने मला दाखवलं नाही, ते मी गावाला दाखवू? तिने झाकून ठेवलंय, झाकलेलंच जाऊ दे."

दाराशी येऊन उभा राहिलेला किरीट जमिनीकडे बघायला लागला. इतके दिवस दक्षाला वाटत होतं की म्हातारा घाबरलाय. तो घाबरला नव्हता, दुखावला होता, आणि हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

नरोत्तमदासांनी घसा साफ केला. "आणि एक कमी आहे. तू घेतला असशील तर आणून दे बेटा. रागावत नाही मी. पण सगळे बरोबर जाऊ देत. एकटा मागे नको राहायला."

दक्षा मान खाली घालून आतल्या खोलीत गेली. गोधड्यांच्या चळतीत हात घातला. बोटांना चोपड्याचं कापड लागलं आणि ती तिथेच थबकली.

एक कमी आहे, हे यांना कसं कळलं?

बासन उघडलं तेव्हा कोणी मोजले नव्हते. किरीटने दोन-चार चाळले, तिने दोन-चार चाळले, एक हळूच काढून घेतला, मग यांनी बासन ओढून घेतलं. पहिल्यांदा मोजले तेव्हाच ते एकाने कमी होते. मग किती असायला हवेत हा आकडा यांच्याकडे आला कुठून? तिने चोपडा बाहेर काढला आणि भराभर पानं उलटायला लागली. मोठ्या बांचे दिवसवार झाले त्यानंतरचं एक पान होतं. तिने ते वाचलेलं होतं, आणि काही केल्या अर्थ लागला नव्हता.

ती बाहेर आली ती चोपडा छातीशी धरून.

"बापुजी, एकूण किती होते?"

"होते तेवढे होते. दे इकडे."

"पण तुम्हाला कसं ठाऊक? तुम्ही तर दिवसभर दुकानात असायचात."

झोपाळा थांबला. किरीट बायकोकडे बघायला लागला आणि मग बापाकडे.

"मी एकच पान वाचते," दक्षा म्हणाली. "आवडलं नाही तर रिक्षा मी स्वतः आणते. दगडही मीच बांधते." आणि त्यांनी हो-नाही म्हणायच्या आत तिने वाचायला सुरुवात केली.

"'मोठ्या बांना जाऊन महिना झाला. आता कोणाला भ्यायचं? नवी वहू चांगली आहे, तीसुद्धा म्हणेल, लिहा की बा, उजेडात बसून. मनात आलं होतं. पण मी उघड लिहायला लागले तर यांची मोजणी बरोबर यायला लागेल. सारा बाजार म्हणतो, नरोत्तमचा हिशोब कधी चुकत नाही. वर्षातून एकदा चुकतो, ते मला एकटीला ठाऊक. कालही चुकला. बरणीजवळ ठेवून गेले. विचारलं तर सांगतील, आणि सांगितलं की संपलं. देवा, यांची मोजणी अशीच चुकत राहू दे.'"

नरोत्तमदास समोर बघत बसले होते. मग त्यांनी चष्मा काढला आणि तो हातातच धरून ठेवला.

"पुन्हा वाच," ते म्हणाले.

तिने पुन्हा वाचलं.

"म्हणजे तिला कळलं होतं." म्हातारा हसायला लागला आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. "कळलं होतं की. आणि मी मूर्ख! दुकानाला चार लागायचे, मी पाच आणायचो. आई दरवर्षी ओरडायची. व्यापाऱ्याच्या पोटी जन्माला आलास आणि पाचापर्यंत मोजता येत नाही! मी म्हणायचो, चुकलं, असू दे, पडून राहील. फळीवर ठेवायचो बरणीजवळ. दुसऱ्या दिवशी जागा रिकामी."

"आणि कधी एका शब्दाने बोललात नाही?" किरीट म्हणाला.

"काय बोलायचं? पत्र फोडलं तेव्हा मी कोपऱ्यात उभा होतो. आईपुढे बोलायची छाती नव्हती. तिला कोरे कागद देता येत होते, ते दिले. वाचायचं मनातसुद्धा आणलं नाही. तिचं तिला असू दे म्हटलं." त्यांनी दक्षाकडे हात केला. तिने चोपडा त्यांच्या हातात दिला. ते पान त्यांनी अगदी डोळ्यांजवळ नेऊन स्वतः वाचलं, बोट ठेवून, एकेक शब्द. दक्षाला आज सासऱ्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं. ती पडलीही. त्यांचं लक्ष नव्हतं.

शेफालीबेन मघापासून भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. आता त्यांनी सरळ नाक शिंकरलं.

"पोरी," नरोत्तमदास त्यांना म्हणाले, "माझ्या बायकोचं अक्षर लागतं का तुला?"

"लावून घेईन काका."

"दिवाळीला पूजा होऊ दे. कुंकू लागल्याशिवाय यांतला एकही चोपडा घराबाहेर जायचा नाही. लाभपाचमीनंतर ये आणि घेऊन जा. हा एक तेवढा राहू दे माझ्याजवळ. मी आहे तोवर."

शेफालीबेननी जमिनीवर पांढरी चादर अंथरली आणि दोघी चोपडे वर्षांप्रमाणे लावायला बसल्या. कोणाला वाळवी लागलीय, कोणाचा दोरा सुटलाय, त्या बारकाईने बघत होत्या. कोरे चोपडे त्यांनी उघडून पाहिले आणि बाजूला सारले.

"हे रिकामे आहेत काका. हे राहू देत घरात, कामाला येतील."

"ते पण ने," नरोत्तमदास म्हणाले. "तिचेच आहेत."

दक्षाच्या हातातला चोपडा तसाच राहिला. सात वर्षं तिने दर दिवाळीला बरणीजवळून उचलले होते ते. विसरभोळा झाला बिचारा म्हातारा, असं म्हणत. शेफालीबेननी कोरे चोपडे दोन्ही हातांनी उचलून ओळीत सगळ्यात शेवटी ठेवले.

दुपार कलल्यावर त्या गेल्या. किरीटने चपला घातल्या. आज पुष्य नक्षत्र होतं, आणि नरोत्तमदासांच्या गुडघ्यांनी यंदा बाजाराला नकार दिला होता.

"बापुजी, चोपडा एकच आणू ना पूजेला?"

"ते तूच मोज बाबा," नरोत्तमदास झोपाळ्याला रेटा देत म्हणाले. "माझी मोजणी चुकते."

संध्याकाळी मठिया तळून झाल्यावर दक्षाने दगड धुतला, पुसून कोरडा केला आणि बरणीत ठेवायला स्वयंपाकघरात गेली. बरणीजवळ फळीवर नवा लालभडक चोपडा होता, खळीचा वास येणारा. दुसरा बाहेर देव्हाऱ्यात दिसत होता. किरीट दारात उभा राहून मठिया खात होता आणि मुद्दामच दुसरीकडे बघत होता. बाहेर झोपाळा करकरत होता.

दक्षाने हात पदराला पुसले आणि चोपडा उचलला. या वेळी तो तिने बासनात सरकवला नाही. आतल्या खोलीत नेऊन गोधड्यांच्या चळतीत ठेवला, मधोमध, जिथे आज सकाळपर्यंत बांचा होता. पूजेआधी कोऱ्या चोपड्यात काही लिहायचं नसतं, तेव्हा दिवाळीपर्यंत कळ काढायला हवी होती. पण पहिली ओळ तिला आत्ताच ठाऊक होती.

यंदाही मोजणी चुकली.